शिष्य घडवायचा तर: चोवीस बैठकांची घडी

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) शेवटी येशू जी आज्ञा देतो (२८:१९-२०) तिच्यात मूळ ग्रीकमध्ये मुख्य आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: शिष्य करा. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही तिन्ही त्या एका क्रियेला जोडून येतात. शिकवण्याबद्दलही तिथे 'मी सांगितलेले सगळे शिकवा' असे म्हटलेले नाही, ते 'पाळायला' शिकवा असे म्हटले आहे. हा एक शब्द गळला की काय होते ते बहुतेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) दिसते. वर्ग चालतात, वह्या भरतात, वचने पाठ होतात आणि वर्षभराने माणूस घरी पूर्वीइतकाच तिरसट बोलत असतो.

पाळणे वर्गात शिकवता येत नाही, ते शेजारी बसून शिकवावे लागते. म्हणून इथे सांगितलेली पद्धत एकास एक अशी आहे: आठवड्यातून एक बैठक, ७५ मिनिटांची, अशा २४ बैठका. सुट्ट्या आणि आजारपणे धरून सहा-सात महिने लागतात.

आधी आपले घर

रोजचा वाचन-प्रार्थनेचा वेळ तुमचा स्वतःचा टिकत नसेल तर दुसऱ्याला घेऊन बसू नका. बोलण्यातून ते लगेच कळते. जुन्या शिदोरीवर चाललेला माणूस तीच तीन उदाहरणे पुन्हा पुन्हा सांगतो.

टिकणारा वेळ लहान असतो. २५ मिनिटे पुरतात. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच धरले तर बरोबर ५२ आठवडे होतात आणि दोन दिवस स्तोत्रांसाठी किंवा राहिलेल्या वाचनासाठी मोकळे राहतात. अध्याय एकदा सलग वाचा, दुसऱ्यांदा अडखळत वाचा. जिथे अडलात ते वचन हाताने वहीत उतरवा आणि त्याच वचनावरून प्रार्थना करा. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका, आजच्या पानापासून पुढे चला, कारण थकबाकी साठली की वाचन बंदच पडते. मोबाइलवर वाचत असाल तर आधी इंटरनेट बंद करा. शक्यतो छापील पवित्र शास्त्रच बरे.

आणखी एक अट आहे. तुम्हाला जाब विचारू शकेल असा एक तरी माणूस तुमच्या आयुष्यात हवा: पाळक (मंडळीचे धर्मगुरू), मंडळीतले वडील किंवा जुना सोबती. ज्याला कोणीच काही विचारत नाही त्याने दुसऱ्याला विचारायला बसणे धोक्याचे असते.

कोणाला घ्यायचे

प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो (२ तीमथ्य २:२) त्या एका वाक्यात चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि ती ज्यांना शिकवतील ते इतर. निवडीचा निकषही तिथेच दिला आहे, विश्वासूपणा. हुशारी, गोड गळा, बोलण्याची हातोटी यांचा उल्लेखही नाही. तरी निवड करताना नजर नेमकी तिकडेच जाते.

विश्वासूपणा ओळखायला छोटे काम देऊन बघा. 'मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचून ये आणि न कळलेली एक गोष्ट लिहून आण.' आणली तर बसा. पहिल्यांदा विसरला तर हसून पुन्हा सांगा. दुसऱ्यांदाही रिकाम्या हाताने आला तर त्याची वेळ अजून आलेली नाही. मैत्री ठेवा, बैठक सुरू करू नका.

एका वेळी एकच माणूस, फार तर दोन. पुरुषाने पुरुषाबरोबर आणि बाईने बाईबरोबर बसावे. शिकणारा अठरा वर्षांखालचा असेल तर आईवडिलांची परवानगी हवी, पाळकांना माहिती हवी आणि बंद खोलीत एकट्याने बसायचे नाही. इथे सवलत देऊ नका. तुमच्या हाताखाली नोकरी करणारा किंवा तुमचे पैसे देणे असलेला माणूसही घेऊ नका. त्याला 'नाही' म्हणायची मोकळीक नसते, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथल्या 'हो'ला काही किंमत नसते.

पहिली बैठक

जागा अशी बघा की लोकांना तुम्ही दिसाल पण तुमचे बोलणे ऐकू जाणार नाही. वार आणि वेळ ठरवा आणि चोविसाव्या बैठकीची अंदाजे तारीख आजच दोघांच्या वहीत लिहा. शेवट ठरलेला नसला की बैठका हळूहळू विरतात आणि मग दोघेही एकमेकांना टाळू लागतात.

गुप्ततेविषयी इथेच स्पष्ट बोला: 'तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तीन गोष्टींत मी गप्प बसणार नाही: लहान मुलाला इजा होत असेल, कोणावर हिंसा होत असेल किंवा तुझ्या स्वतःच्या जिवाला धोका वाटला तर.' हे आधी सांगितले नाही आणि चौदाव्या आठवड्यात तसे काही समोर आले तर तुमच्यापुढे दोनच वाटा उरतात, विश्वासघात किंवा पाप झाकणे.

उरलेल्या वेळात एकमेकांची ओळख. तो विश्वासात कसा आला, घरी कोण आहे, दिवस कसा जातो, झोप किती होते. शेवटचा प्रश्न वायफळ नाही. पहाटे चारला कामावर निघणाऱ्याला 'सकाळी लवकर उठून प्रार्थना कर' सांगणारे बरेच भेटतात.

७५ मिनिटांची वाटणी

पहिली १५ मिनिटे मागच्या आठवड्यासाठी, पुढची ३० वचनासाठी, १५ पुढच्या पावलासाठी आणि शेवटची १५ प्रार्थनेसाठी. क्रम बदलू नका. 'मागच्या वेळी ठरवलेले झाले का' हा प्रश्न शेवटी ठेवला की वेळ संपते आणि तो राहून जातो. दोन-तीनदा राहिला की शिकणाऱ्याच्या मनात पक्के होते, ठरवलेले केले काय, न केले काय, सारखेच. सगळी पद्धत याच ठिकाणी कोसळते.

वाचायला मार्क घ्या. चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान, घटनांनी भरलेला, आणि शिष्य किती हळू शिकतात हे त्यात न लपवता दाखवलेले आहे. अध्याय १६ आहेत, पण सहावा (५६ वचने) आणि चौदावा (७२ वचने) दोन-दोन बैठकांत तोडा: सहावा २९व्या वचनापाशी, चौदावा ४२व्यापाशी. म्हणजे १८ बैठका झाल्या. आधीच्या दोन ओळखीसाठी आणि प्रार्थनेसाठी, नंतरच्या तीन मत्तय ५ ते ७ या डोंगरावरील प्रवचनासाठी, एक निरोपाची. असे चोवीस.

काही अध्यायांना जादा वेळ ठेवा. आठव्यात शिष्य पेत्र येशूला 'आपण ख्रिस्त आहात' म्हणतो आणि चारच वचनांनंतर येशूकडून दटावून घेतो. तिथून दहाव्यापर्यंत येशू आपल्या मरणाविषयी तीनदा सांगतो (८:३१, ९:३१, १०:३३-३४) आणि तिन्ही वेळा शिष्यांचे लक्ष भलतीकडे असते. पहिल्यांदा पेत्र त्यालाच दटावू लागतो, दुसऱ्यांदा सगळ्यांत मोठा कोण यावर वाद झालेला असतो, तिसऱ्यांदा याकोब आणि योहान उजवीडावीकडच्या जागा मागतात. हे तिन्ही प्रसंग वहीत एकाखाली एक लिहायला लावा. 'मी अजून तसाच आहे' म्हणून खचलेल्या माणसाला यातून जेवढा धीर येतो तेवढा तुमच्या उपदेशातून येणार नाही.

तेरावा अध्याय एकाच बैठकीत संपवा. शेवटच्या काळाच्या खुणा जुळवत बसायची हौस असेल तर तीन आठवडे कधी गेले कळणार नाही. तिथली वारंवार येणारी आज्ञा 'सावध राहा' ही आहे, तीच धरा. सोळाव्यात ९ ते २० ही वचने काही प्रतींत कंसात किंवा तळटिपेसह छापलेली दिसतील. शिकणारा विचारेल. सरळ सांगा की सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत हा भाग नाही. लपवले आणि त्याला बाहेरून कळले तर त्याची श्रद्धा त्या बारा वचनांपुरतीच डळमळत नाही.

प्रश्न विचारा आणि गप्प बसा

प्रश्न चारच पुरतात आणि दर आठवड्याला तेच ठेवा. या भागात देव कसा दिसतो? माणूस कसा दिसतो? करायला काय सांगितले आहे? हे ऐकण्याची गरज कोणाला आहे? तेच प्रश्न असल्यामुळे सहा आठवड्यांत ते पाठ होतात, आणि पुढे त्याला हेच दुसऱ्याबरोबर करायचे आहे.

अवघड आहे ती प्रश्नानंतरची शांतता. शिकणारा पानाकडे बघतो, बोटाने ओळ शोधतो, काहीच बोलत नाही. चार सेकंदांत शिकवणाऱ्याच्या जिभेला खाज सुटते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मनात दहापर्यंत मोजा. तरीही उत्तर आले नाही तर नवा प्रश्न काढू नका. 'पुन्हा एकदा वाचूया' म्हणा आणि त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. अडखळत का होईना, आलेले उत्तर त्याचे स्वतःचे असते.

उत्तर चुकीचे आले तर 'कुठल्या वचनावरून म्हणतोस?' एवढेच विचारा. निम्म्या वेळा तो स्वतःच सुधारतो. चूक मोठी असेल तर ती चार लोकांत काढू नका. सभास्थानात बोलणाऱ्या अपुल्लोसाला प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). सभास्थानात उठून त्याला टोकले नाही.

तुम्हाला उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, पुढच्या वेळेपर्यंत बघून येतो' म्हणा, आणि खरेच बघून या.

पाऊल किती मोठे

वचनातून निघालेले पाऊल एकाच वाक्यात लिहायचे. त्यात कोण, काय आणि कधीपर्यंत हे तिन्ही हवे. हे कसे काढून घ्यायचे ते बघा. भाग मार्क ११:२५ चा आहे, प्रार्थनेला उभे राहताना क्षमा करा.

'मग या आठवड्यात काय करशील?'
'लोकांना क्षमा करीन, दादा.'
'कोणाला?'
'...आहे एक जण ऑफिसात.'
'काय झालं होतं?'
'माझं काम त्यानं स्वतःच्या नावावर दाखवलं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही.'
'मग क्षमा केलीस हे तुला कसं कळेल?'
'नमस्कार करायला लागेन बहुतेक.'
'कधी?'
'सोमवारी. आल्या आल्या.'

वहीत लिहायचे ते एवढेच: 'सोमवारी आल्यावर आधी मी त्याला नमस्कार करीन.' 'लोकांना क्षमा करीन' हे झाले की नाही ते कधीच तपासता येत नाही, नमस्कार केला की नाही ते मंगळवारीही सांगता येते. तुमचेही एक पाऊल त्याच्यासमोर लिहा आणि पुढच्या वेळी आधी तुमचा हिशेब द्या. झाले नसेल तर तसे सांगा.

त्याने केले नाही तर 'का नाही केलेस' असे विचारू नका, तो सबब शोधू लागतो. 'कुठे अडले?' असे विचारा. पाऊल मोठे होते, भीती होती की तो विसरला, ते बघून तेच पाऊल लहान करून पुन्हा द्या. तिसऱ्यांदाही राहिले तर मात्र थांबून बोला, कारण आता अडचण वेळेची राहिलेली नसते.

प्रार्थना

पहिल्या महिन्यात दोन-दोन वाक्यांच्या वर जाऊ नका. तुम्ही दोन म्हणा, तो दोन म्हणेल. तुम्ही दहा मिनिटे झरझर प्रार्थना केली तर त्याला वाटते, हे आपल्याला कधी जमणार नाही. पुढे प्रभूच्या प्रार्थनेचा (मत्तय ६:९-१३) सांगाडा द्या: नाव, राज्य, इच्छा, रोजची भाकर, क्षमा, परीक्षेतून सुटका. प्रत्येकावर एक वाक्य स्वतःच्या शब्दांत. दुःखात असलेल्याला स्तोत्र १३ द्या. सहाच वचने आहेत आणि पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चारदा येतो. देवापुढे तक्रारही चालते हे कळले की प्रार्थनेतला नाटकीपणा गळतो.

एक खूण लक्षात ठेवा. शिकणारा तुमच्याच आवाजात, तुमच्याच ठेवणीतल्या शब्दांनी प्रार्थना करू लागला तर खूश होऊ नका. तो तुमची नक्कल शिकतो आहे.

पाप कबूल केले तर

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, बहुतेक वेळा निघता निघता, शिकणारा काहीतरी सांगतो. त्या क्षणी तुमचा चेहरा महत्त्वाचा. दचकू नका. 'सगळ्यांचंच होतं' असे म्हणून हलकेही करू नका. तपशील खोदू नका, आणि वहीत त्यातले एक अक्षरही लिहू नका. १ योहान १:९ त्यालाच मोठ्याने वाचू द्या आणि मग प्रार्थना करा.

त्यानंतर दोन गोष्टी विचारा. यात कोणाचे नुकसान झाले आहे का? असेल तर भरपाई कशी करायची? जकातदार जक्कयाने चौपट परत देण्याची तयारी दाखवली होती (लूक १९:८). आणि हे कधी, कुठे, कोणत्या वेळी होते? 'रात्री अकरानंतर, मोबाइल घेऊन एकटा पडलो की' असे उत्तर आले तर आत्मिक युद्धावर व्याख्यान देण्याआधी मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायला सांगा. चाळीस दिवसांच्या उपवासापेक्षा ही वायर पुष्कळदा जास्त कामाला येते.

गलतीकरांस पत्रात (६:१) ताळ्यावर आणणाऱ्यालाच इशारा दिला आहे: सौम्यतेने कर आणि स्वतःकडे लक्ष ठेव. ज्याच्या पापाच्या गोष्टीने तुमचे स्वतःचे मन चाळवते, त्या माणसाला दुसऱ्या अनुभवी सोबत्याकडे सोपवणे शहाणपणाचे.

काही गोष्टी तुमच्या आवाक्याबाहेरच्या असतात. घरात मार खाणाऱ्या बाईला 'सहन कर, प्रार्थना कर' सांगून परत पाठवायचे नसते. क्षमा करणे वेगळे आणि मारणाऱ्याच्या हाताखाली राहणे वेगळे. आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता, मग बाकीचे. खोल नैराश्य, आत्महत्येचे विचार, व्यसन यांत डॉक्टर लागतो, आणि चालू औषध बंद करायचा सल्ला विश्वासाच्या नावाने कधीही देऊ नका. तुम्ही प्रार्थना करत सोबत राहा, दवाखान्यातही सोबत जा.

जिथे बिघडते

सगळ्यात जास्त बिघाड चांगल्या हेतूतून होतो. शिकणारा प्रत्येक निर्णय विचारू लागतो, नोकरी बदलू का, हे स्थळ पाहू का, आणि शिकवणाऱ्याला ते आवडू लागते. 'देवाने मला दाखवले की तू असे करावेस' हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याला उलट बोलायला जागाच राहत नाही. 'वचनात यावर काय आहे? तुला काय वाटते? आणखी कोणाचा सल्ला घेतलास?' असे विचारा आणि निर्णय त्याच्यावर सोडा, तो चुकणार असे दिसत असले तरी. पापाची गोष्ट असेल तर मात्र स्पष्ट बोला.

पैशांचा व्यवहार ठेवू नका, उसने देणे नाही आणि घेणेही नाही. खरी गरज असेल तर मंडळीच्या मदतनिधीतून द्यायला सांगा. मदतीला बैठकीची अट कधी जोडू नका.

घरच्यांचा विश्वास वेगळा असेल तर नवविश्वासी सुरुवातीच्या उत्साहात घरी वाद घालतो आणि तुम्ही त्याला 'छळ' म्हणून शाबासकी देता. मार्क ५:१९ मध्ये बऱ्या झालेल्या माणसाला येशूबरोबर जायचे होते, पण येशूने त्याला घरी पाठवले, प्रभूने काय केले ते सांगायला. घरच्यांच्या श्रद्धेची टिंगल करायला नव्हे. या आठवड्याचे पाऊल घरातलेच एखादे काम असू द्या.

मध्येच कोणी सोडून गेला तर एकदा भेटून विचारा आणि दार उघडे ठेवा. प्रचाराच्या प्रवासात पंफुल्या प्रांतात सोडून गेलेल्या मार्कावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा इतके भांडले की वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५:३७-३९). बर्णबाने त्याला पुन्हा बरोबर घेतले, आणि पुढे तोच पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११).

बैठक मंडळीची जागा घेत नाही. शिकणारा दर आठवड्याला उपासनेत असतो की नाही हे बघा. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी), प्रभुभोजनात सहभाग हे पाळकांनी आणि मंडळीने ठरवायचे. परंपरांमध्ये यात फरक आहे आणि तुमच्या खाजगी मताने तो मिटणार नाही.

शेवटच्या सहा बैठका

एकोणिसाव्या बैठकीपासून प्रश्न तो विचारेल आणि उत्तरे तुम्ही द्याल. तो अडखळेल, वेळ चुकेल, पावलाचा प्रश्न विसरेल. मध्ये बोलू नका. संपल्यावर पाच मिनिटांत एक चांगली गोष्ट आणि एकच सुधारणा सांगा. बाविसाव्या बैठकीपर्यंत त्याने ज्याच्याबरोबर बसायचे आहे त्याचे नाव वहीत आलेले असावे, आणि त्या माणसाला मार्काचा पहिला अध्याय देऊनही झालेला असावा.

चोविसावी बैठक लिहिलेल्या तारखेच्या आसपासच घ्या आणि तिथे आठवड्याची भेट थांबवा. 'अजून थोडे दिवस' ही विनंती गोड असते, पण मानू नका. पुढचे तीन महिने महिन्यातून एकदा, अर्धा तास भेटा. त्या भेटींत पहिली १५ मिनिटे त्याच्या रोजच्या वेळासाठी आणि उरलेली त्याच्या शिकणाऱ्यासाठी: तो येतो का, पाऊल कुठे अडले, शांततेत तू दहापर्यंत मोजलेस का.